नकाशाला मजले नसतात

१

मंगळवारी सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी रुग्णालयाच्या गच्चीवर उतरायला आलेलं हेलिकॉप्टर ऐन वेळी बाजूला वळलं. त्याच्या अगदी पुढ्यात एक ड्रोन सरळ वर चढत आला होता. वैमानिकानं डोकं शांत ठेवून हेलिकॉप्टर दोन किलोमीटरवरच्या शाळेच्या मैदानात उतरवलं. तिथून रुग्णवाहिका, वाटेतली गर्दी, दोन सिग्नल. एकोणीस मिनिटं वाया गेली. आत परांचीवरून पडलेला एक रंगारी होता आणि त्याच्या डोक्यात रक्त साकळत होतं.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता ही फाइल माझ्या टेबलावर आली. सुनावणी त्याच दिवशी पाच वाजता होती. आमच्या हवाई सुरक्षा कार्यालयात कठीण फायली माझ्याकडे येतात आणि सोप्या फायली माझ्या तरुण सहकाऱ्याकडे जातात. ही त्यानं सोपी समजून दोन दिवसांत हातावेगळी केली होती. माझी फक्त सही हवी होती. मी न वाचता सही करत नाही, हा माझा दुर्गुण कार्यालयात सगळ्यांना ठाऊक आहे.

गाडीला नंबरपाटी असते, तसा हल्ली प्रत्येक ड्रोनला ओळख-क्रमांक असतो. फरक इतकाच की ड्रोन आपला नंबर दर सेकंदाला स्वतः ओरडून सांगत असतो. मी अमुक, आत्ता इथे आहे, इतक्या उंचीवर आहे, अमुक ठिकाणाहून उडालो. रुग्णालयाच्या गच्चीवर हे ऐकणारं यंत्र बसवलेलं आहे. त्यानं ऐकलेला क्रमांक होता जवळच्याच अग्निशमन केंद्राच्या ड्रोनचा. उड्डाणाची जागा म्हणून नकाशावर लाल ठिपका पडला होता तो केंद्राच्या अंगणात. ड्रोनच्या स्वतःच्या स्मृतीतही तेच उड्डाण होतं. केंद्रात ड्रोन उडवायचा परवाना एकाच बाईकडे होता. तिचं म्हणणं, मी उडवला नाही. सहकाऱ्यानं खाली लिहिलं होतं, परवाना कायमचा रद्द करावा आणि केंद्राचं ड्रोन पथक बंद करावं.

मी आधी रुग्णालयात गेले. गाडी लावताना शेजारच्या धुलाईघराच्या धुराड्यातून पांढरी वाफ भसाभस बाहेर पडत होती, ती काचेवर आली म्हणून दोन शिव्या हासडल्या. वर अतिदक्षता विभागाबाहेर बाकावर रंगाऱ्याची बायको बसली होती. नवरा जिवंत होता, पण उजवा हात हलत नव्हता. मी कोण ते सांगितल्यावर तिनं विचारलं, तो माणूस सापडला का.

"कागदावर सापडलाय," मी म्हटलं.

"कागदावरचा नको मला. खरा कोण ते सांगा."

संध्याकाळपर्यंत सांगते, असं मी बोलून गेले. माझा नवरा म्हणतो तसं माझं तोंड माझ्यापुढे चार पावलं चालतं.

गाडीत बसून मी ड्रोनचा मार्ग पुन्हा पाहिला. अंगणातून निघाला, सरळ रेषेत धुलाईघरापाशी गेला, तिथे दोन मिनिटं थांबला. हेलिकॉप्टर जवळ आलं तसा उभा वर चढला आणि थेट केंद्रावर परत आला. हेलिकॉप्टरचा आवाज आला की ड्रोन खाली घ्यायचा, हे पहिल्या दिवशी शिकवतात. आठशे तास ड्रोन उडवलेली बाई तो वर का नेईल?

२

अग्निशमन केंद्राच्या अंगणात शिरताच समोर भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलेलं दिसलं. वापरलं? भरून ठेव. बंबाची पाण्याची टाकी, श्वासाच्या हवेची नळकांडी, डिझेल, सगळ्याला हा नियम लागू. पुढची घंटा कधी वाजेल त्याचा नेम नाही, म्हणून वापरलेली वस्तू भरल्याशिवाय जागेवर जात नाही. अंगणाच्या मधोमध सरावाचा मनोरा होता. बाहेरून लोखंडी शिडी, प्रत्येक मजल्यावर एक कठडा, वर उघडी गच्ची.

मंगळवारी अकरालाच रस्त्यावरच्या अपघाताची वर्दी आली आणि दोन्ही बंब बाहेर पडले. मागे उरली चार माणसं. ड्रोनच्या कपाटाची किल्ली कार्यालयातल्या फळ्यावर बाकीच्या किल्ल्यांबरोबर उघडी लटकलेली. म्हणजे चौघांपैकी कुणीही.

पहिले केंद्राचे साहेब. त्यांना पथक बंद झालेलं चाललं असतं, नवीन यंत्रांचा त्यांना मनापासून कंटाळा होता आणि तो त्यांनी लपवलाही नाही. पण साडेअकरा ते पावणेबारा ते नियंत्रण कक्षाशी फोनवर वाद घालत होते. तो फोन ध्वनिमुद्रित होतो. मी तिथल्या तिथे ऐकून घेतला. पंधरा मिनिटं साहेब डिझेलवरून भांडत होते आणि हरले होते.

दुसरा मिस्त्री. बंबापासून ड्रोनपर्यंत सगळं दुरुस्त करणारा. उजव्या गुडघ्याला पट्टा, काखेत कुबडी आणि जिभेला धार. ड्रोन उडवायची जागा त्याला हवी होती, ती तिला मिळाली. राग आहे का, मी विचारलं.

"आहे की," तो म्हणाला. "पण माझा राग असा तिच्या नावानं उडत नाही, मॅडम. मी तोंडावर बोलतो. विचारा कुणालाही."

तिसरी ती स्वतः. तिशीची, बुटकी, केस घट्ट बांधलेले. केंद्रात सगळे तिला घार म्हणतात आणि त्यात थट्टाच जास्त, कारण ही घार स्टुलावर चढून दिवासुद्धा बदलू शकत नाही. उंचीनं तिचे पाय लटपटतात. ड्रोननं मात्र तिनं दोन वर्षांत पुरात अडकलेले सहा जण आणि जंगलात हरवलेले एक आजोबा शोधून काढले होते. मंगळवारी पावणेबाराला काय करत होतीस, तर मागच्या खोलीत एकटी अहवाल लिहीत होते. साक्षीदार नाही. कपाट कधी उघडलंस, तर तक्रारीचा फोन आल्यावर, दुपारी एकच्या सुमाराला. कोणावर संशय आहे का, असं विचारलं तेव्हा तिनं खिडकीबाहेर पाहिलं आणि नाही म्हणाली.

मला तिचा रागच आला. उभं आयुष्य हातातून चाललंय आणि ही बाई स्वतःची बाजू मांडायची सोडून खिडकीबाहेर बघते. निर्दोष माणसं चिडतात, आरडाओरडा करतात. हिनं ते काहीच केलं नाही.

चौथे उस्ताद. कवायत शिकवणारे, साठीला टेकलेले, अंगानं अजून ताठ. या केंद्रातला प्रत्येक जण त्यांच्या हाताखाली तयार झाला होता. भिंतीवरची ती अक्षरंही त्यांनीच रंगवलेली. आता मनोऱ्यावरची कवायत कमी होणार होती, नव्या नियमानं ड्रोन उडवता येणाऱ्यालाच निवृत्तीनंतर मुदतवाढ मिळणार होती, आणि उस्ताद ड्रोनच्या परीक्षेत दोनदा नापास झाले होते. हे मला मिस्त्रीनं सांगितलं, त्यांनी नाही.

त्यांनी मला खुर्ची दिली, जगमधून ग्लासभर पाणी ओतून दिलं आणि लगेच उठून जग पुन्हा काठोकाठ भरून आणला. मग घारीबद्दल बोलले. तिचे वडील याच केंद्रात होते. एका आगीत शिडीवरून पडून गेले, तेव्हा पोर नऊ वर्षांची होती. शिडीच्या पायथ्याशी उस्ताद उभे होते. तेव्हापासून तिची शाळा, नोकरी, सगळं त्यांनी पाहिलं.

"ताकीद देऊन सोडतील ना तिला?" त्यांनी विचारलं. "पहिलीच चूक आहे."

"ताकीद नाही," मी म्हटलं. "परवाना कायमचा जाणार. पुन्हा कधीच उडवता येणार नाही."

भरलेला जग त्यांच्या हातातून टेबलावर जरा जोरातच आदळला.

३

मी मिस्त्रीच्या टेबलापाशी गेले आणि ड्रोनची पेटी उघडायला लावली. ड्रोन स्वच्छ पुसलेला, पंखे घडी घातलेले. बॅटरीवर मिस्त्रीच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती. 'अर्धीच ठेवणे.'

ते कशाला, मी विचारलं. त्यानं समजावलं. या बॅटऱ्या पूर्ण भरून ठेवल्या की फुगतात, लवकर मरतात. म्हणून ठेवताना अर्ध्या ठेवायच्या आणि कामाला जायच्या आधी भरायच्या. तो आणि घार, दोघांनाच ही सवय होती. बाकीच्यांना सांगून सांगून त्याचा घसा बसला होता. बंबवाली माणसं, अर्धी वस्तू कपाटात ठेवायची म्हटलं की त्यांना ते जमतच नाही.

आत्ता बॅटरी अर्धी होती. सगळं शिस्तीत. पण माझ्या कार्यालयात शिस्तीत दिसणाऱ्या गोष्टींवरच मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. बॅटरीला स्वतःची आठवण असते का, असं मी विचारलं. असते, म्हणाला. तारेनं जोडून त्यानं मंगळवारच्या नोंदी काढल्या.

अकरा सत्तेचाळीसला ड्रोन उतरला. बारा वाजायच्या आत बॅटरी भरायला लावली गेली. बारा चाळीसला ती पूर्ण भरली. आणि एक वाजून दहा मिनिटांनी कुणीतरी ती मुद्दाम उतरवायला लावली, अर्धी होईपर्यंत.

मिस्त्री कुबडीवर रेलून नोंदीकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला की एकाच बॅटरीला दोन वेगळ्या माणसांचे हात लागलेत.

"आणि हा वर का गेला?" मी मार्ग दाखवला.

"घरी-ये बटण," तो लगेच म्हणाला. "घाबरला की नवशिका तेच दाबतो. ड्रोन आधी ठरलेल्या उंचीपर्यंत उभा चढतो आणि मग सरळ घरी येतो. घार ते बटण दाबेल? तिला ड्रोनची नस माहीत आहे, ती खाली घेईल."

म्हणजे उडवणारा नवशिका, आणि वस्तू भरून ठेवल्याशिवाय चैन न पडणारा. मिस्त्री नव्हे, घार नव्हे. साहेब फोनवर. नाव एकच उरत होतं. पण सवयीवरून कुणाला दोषी ठरवता येत नाही, आणि सुनावणीत बसणारे अधिकारी माझ्याहून खडूस आहेत. मला आकडा हवा होता.

४

फाइलला दोन पानं जोडलेली होती. पहिल्यावर नकाशा आणि लाल ठिपका. दुसऱ्या पानावर बारीक आकड्यांचे रकाने, ज्याकडे माझ्या सहकाऱ्यानं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर सकाळी मीही पाहिलं नव्हतं. ठिपका अंगणात, म्हणजे अंगणातून उडाला, इतकं आम्ही दोघांनी गृहीत धरलं. आमच्या धंद्यातल्या माणसांची ही जुनी खोड. दिवसभर आकाश वरून बघतो आणि जमिनीवर सगळं सपाट समजतो. नकाशाला मजले नसतात.

चष्मा पुसून मी रकाना शोधला. उड्डाणाच्या जागेची उंची, जमिनीपासून अठरा मीटर.

मी अंगणात आले आणि मान वर केली. मनोऱ्याचे सहा मजले होते. मिस्त्रीचा गुडघा, साहेबांचा फोन, घारीचे पाय. तिथे वर जाणारा माणूस एकच, आणि तो रोज सकाळी जायचा.

घारीला मी मागच्या खोलीत गाठलं आणि दार लावून घेतलं. मंगळवारी एक वाजून दहा मिनिटांनी बॅटरी कुणी उतरवली, असा सरळ प्रश्न टाकला. ती म्हणाली, मीच, सवयीनं.

"सवयीनं उतरवलीस, पण आधी ती भरलेली बघितलीस. तेव्हाच तुला कळलं ना कुणी उडवला ते?"

तिनं खुर्ची ओढली आणि बसली. मग डोळे न पुसताच बोलायला लागली. पेटी उघडली, बॅटरी काठोकाठ भरलेली दिसली आणि तिला कळलं. त्या क्षणी तिला फक्त ते पुसून टाकावंसं वाटलं.

"ते स्वतःहून बोलतील असं वाटलं, मॅडम. मंगळवारी वाटलं, काल वाटलं. आजही वाटतंय. मी त्यांचं नाव घेणार नाही."

मी तिला रंगाऱ्याच्या बायकोबद्दल सांगितलं, त्या उजव्या हाताबद्दलही. तिनं मान खाली घातली, पण नाव घेतलं नाही. हट्टाच्या बाबतीत ती माझ्याच जातीची निघाली. घड्याळात साडेतीन झाले होते.

तेव्हा मी एक गोष्ट ठरवली. तिचा मला अभिमान नाही, आणि पश्चात्तापही नाही.

५

चौघांना मी अंगणात बोलावलं. चाचणी घ्यायची आहे, असं सांगितलं. ड्रोन मनोऱ्याच्या गच्चीवर नेऊन चालू करायचा, उडवायचा नाही. तो स्वतःची उंची सांगेल. मंगळवारच्या आकड्याशी जुळली की तो इथूनच उडाला हे सिद्ध झालं. आणि नियमाप्रमाणे ड्रोन चालू करायचा अधिकार परवाना असलेल्यालाच.

घारीचा चेहरा उतरला. साहेब म्हणाले, दुसऱ्या कुणाला पाठवा. मी नियम पुन्हा वाचून दाखवला. मिस्त्रीनं निमूटपणे तिच्या कमरेला सुरक्षापट्टा बांधला, दोर वरच्या कडीतून ओवलेलाच होता, दुसरं टोक साहेबांनी धरलं. पाठीवर ड्रोनची पिशवी. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, आणि मला ते बरं वाटलं.

ती चढायला लागली. पहिला मजला तिनं डोळे मिटून पार केला. दुसऱ्या मजल्यावर पाय थरथरायला लागले, शिडी वाजायला लागली. तिसऱ्याला तिनं कठडा दोन्ही हातांनी कवटाळला आणि तशीच थांबली. 

उस्ताद शिडीच्या पायथ्याशी आले होते. केव्हा आले ते मला कळलंही नाही. दोन्ही हात वर करून, कुणी पडलं तर झेलायला उभं राहावं तसे उभे होते. साठीचा माणूस दहा मीटरवरून पडणाऱ्या माणसाला झेलू शकत नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसेल.

"उतर खाली, पोरी," ते म्हणाले. "मी उडवला. मीच उडवला."

मग ते माझ्याकडे न बघता, वर बघूनच सगळं सांगत गेले. कवायतीनंतर कधीमधी गच्चीवर चोरून सराव करायचे, खालून कुणाला दिसत नाही म्हणून. मंगळवारी वरून रुग्णालयाच्या बाजूला पांढरा धूर दिसला. तीस वर्षांची सवय, धूर दिसला की जायचं. बंब बाहेर होते, हातात ड्रोन होता. जाऊन पाहिलं तर नुसती वाफ. घार प्रत्येक उड्डाणाआधी रुग्णालयाला फोन करते, ते त्यांना माहीत होतं, पण धूर बघून आठवलं नाही. हेलिकॉप्टर दिसलं तसं घाबरून एकच बटण आठवलं. नंतर वाटलं, पोरीला ताकीद मिळेल, प्रकरण मिटेल, आपली मुदतवाढ वाचेल.

"आज कळलं की तुझं सगळंच जातंय. तरी माझी जीभ उचलेना," ते म्हणाले. "आता उतर."

 शिडी पुन्हा वाजायला लागली. ती खाली येत नव्हती, वर जात होती. चौथा मजला, पाचवा. गच्चीवर पोचल्यावर ती गुडघ्यांवर बसली, पिशवी उघडली आणि ड्रोन चालू केला. माझ्या हातातल्या यंत्रावर क्रमांक उमटला आणि उंचीही. तिनं वरून आकडा ओरडून सांगितला, आवाज फाटला तरी पूर्ण सांगितला.

"अठरा मीटर. लिहून घ्या, मॅडम."

मी लिहून घेतलं.

६

सुनावणी वीस मिनिटांत संपली. उस्तादांनी जबाबावर सही केली आणि नोकरीवर पाणी सोडलं. घारीचा परवाना राहिला, पथकही राहिलं. बॅटरीची खूण पुसली म्हणून तिला तीन महिने उड्डाणबंदी झाली. ती शिफारस माझी होती. कपाटाची किल्ली त्या दिवसापासून फळ्यावर टांगायची बंद झाली. आणि आमच्या कार्यालयात आता उंचीचा रकाना पहिल्या पानावर छापतात, माझ्या सहकाऱ्याला तो मोठ्यानं वाचावा लागतो.

बाहेर पडताना उस्तादांनी मला रुग्णालयाचा मजला विचारला. मी चौथा म्हणून सांगितलं. मलाही दिलेला शब्द पाळायचा होता, म्हणून मीही गेले. घार त्यांच्या मागून जिना चढत होती, कठड्याला धरून.

रंगाऱ्याची बायको त्याच बाकावर होती. नवऱ्यानं दुपारी डोळे उघडले होते, तिला ओळखलं होतं. हाताचं अजून काही सांगता येत नव्हतं. उस्ताद तिच्यासमोर उभे राहिले आणि मला सांगितलं होतं तेच सगळं सांगितलं, धुरापासून बटणापर्यंत. तिनं मधे एकदाही अडवलं नाही.

सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "धूर दिसला म्हणून गेलात, ते समजलं मला. चूक कुणाचीही होते. पण मग त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

उस्ताद बाकाच्या कडेला हात टेकून उभे राहिले. 

"मलाही माहीत होतं," घार म्हणाली. "मीही नाही सांगितलं."

बाई दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. ती त्यांना बसा म्हणाली नाही, आणि जा असंही म्हणाली नाही. आतून परिचारिकेनं हाक मारली तशी ती उठून आत गेली. ते दोघं बाकाशेजारी उभेच राहिले, आणि मी घरी यायला निघाले तेव्हाही तिथेच होते.